माझ्या नावानं सोडलेलं पाणी

माथेरान,
१८ मार्च १९७६

प्रिय दामूदादास,
तुझ्या बहिणीचा, चिमाचा, जयभीम.

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं हे तूच मला शिकवलंस, म्हणून लिहिलं. त्याहून जास्त अर्थ त्याला लावू नकोस. अक्षर तर ओळखलंच असशील. चुलीतल्या कोळशानं शेणाच्या जमिनीवर तू माझ्याकडून गिरवून घेतलेलं हे अक्षर आहे. मेलेल्या बहिणीचं पत्र आलं म्हणून दचकला असशील, तर दचक. नऊ वर्षं गिळून ठेवलेलं आज लिहिते आहे, ते लांबेल. अर्ध्यात फाडू नकोस. शेवटी तुझ्या कामाचं आहे.

आपल्या वरच्या आळीतला धाकलू इथं माथेरानात हातरिक्षा ओढतो. गेल्या दिवाळीत बाजारपेठेत त्यानं मला पाहिलं आणि रिक्षाचे दांडे सोडून तो मटकन खालीच बसला. आत बसलेल्या शेठाणीबाई किंचाळल्या. धाकलूचं तिकडं लक्षच नाही. म्हणाला, "चिमे, तू तर मेलीस ना गं?" त्याच्याकडून मला माझं मरण कळलं. मी कर्जतला पटकीनं गेले, तिथंच मला अग्नी दिला, असं वस्तीत गुरुजींनी, म्हणजे तूच, सांगितलंस म्हणे. जलदानाचा विधी केला. पंधरा माणसं जेवली. धाकलूही जेवला होता. जेवण चांगलं होतं म्हणाला. दादा, मला तुला पहिल्यांदा हेच विचारायचं आहे, भाजी कुठली केली होती? आणि माझ्या नावानं पाणी सोडताना तुझा हात थरथरला की नाही? मी तेव्हा चाळीस मैलांवरही नव्हते. कर्जतच्या बाजारात बसून बांगड्या मापाप्रमाणं दोरीत ओवत होते.

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तुला काहीच माहीत नाही. माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा उठला तेव्हा मी त्याला खडूचा डाग समजले होते. सासूनं ओळखलं ते भाकऱ्या भाजताना. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तव्याला टेकलं होतं, कातडी जळाल्याचा वास घरभर पसरला होता, आणि मी आपली हसत हसत जावेशी बोलत होते. "रक्तपिती!" सासू एवढंच म्हणाली आणि परातीतलं पीठ तिनं उकिरड्यावर नेऊन टाकलं. त्या दिवसापासून मी गोठ्यात. पंधरा दिवसांनी तुझे मेव्हणे मला आपल्या गावाच्या वेशीपर्यंत घेऊन आले आणि तिथूनच मागे फिरले. त्यांनी दुसरी केली हे पुढे कळलं. त्यांच्याविषयी मी यापेक्षा एक ओळ जास्त लिहिणार नाही. ते शेवटी परक्या घरचे. राग मला त्यांचा येत नाही, तुझा येतो.

कारण तुझ्याकडे मी धावत आले होते. वेशीपासून घरापर्यंत खरंच धावत आले. मला वाटलं, दादा मास्तर आहे, चार पुस्तकं वाचलेला आहे, तो म्हणेल, चल, डॉक्टरला दाखवू. तू माझा हात लांबूनच बघितलास आणि मला मागच्या पडवीत जागा दिलीस, जळणाची लाकडं रचतात तिथं. एक जर्मनची ताटली माझी. वहिनी भाकरी वरून सोडायची. तिला मी दोष देत नाही, ती तुझ्या डोळ्यांकडे बघून वागायची. पाणी मात्र तू स्वतः द्यायचास. मी ओंजळ धरायची आणि तू वरून ओतायचास, तांब्या माझ्या हाताला लागू नये म्हणून कोपर उंच करून.

तुला आई आठवली नाही का रे? गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उभी असलेली आपली आई? विहिरीला हात लावायचा नाही, कुणाला दया येईल तेव्हा तो वरून ओतणार, तोवर उन्हात उभं राहायचं. एकदा सकाळची दुपार झाली तरी कुणी ओतलं नाही. तू बारा वर्षांचा होतास. आईच्या हातातून घागर ओढलीस आणि दगडावर आपटून फोडलीस. आईनं तुला मारलं, आणि मग तीच रडली. पुढं छप्पन साली तू दीक्षा घेऊन आलास. देव्हाऱ्यातले टाक गाठोड्यात बांधून पाताळगंगेत सोडलेस आणि वस्तीसमोर उभा राहून म्हणालास, आजपासून कुणी कुणाला वरून पाणी घालायचं नाही आणि कुणी ते प्यायचं नाही. मी सोळा वर्षांची होते. पहिल्या रांगेत बसून तळवे लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच तळव्यांची ओंजळ करून मी तुझ्या पडवीत पाणी प्याले. बारा दिवस प्याले.

तेराव्या दिवशी तुझ्या शाळेचे तपासणीस साहेब यायचे होते. वरच्या जातीचा साहेब पहिल्यांदाच आपल्या घरी, आपल्या ताटात जेवणार होता. तुला झालेला आनंद खोटा नव्हता हे मला पडवीतूनही कळत होतं. दोन दिवस तू भिंती सारवून घेत होतास, बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसत होतास. आदल्या संध्याकाळी तू पडवीच्या दाराशी आलास आणि मान खाली घालून म्हणालास, "चिमे, उद्या सकाळी नीघ. तुझ्यासारख्या लोकांसाठी सरकारनं जागा केलेल्या हायत." कागदावर पत्ता लिहून दिलास. कर्जतला उतरून आगगाडीनं जायचं. मी कागद वाचला. वाचायला तूच शिकवलं होतंस ना! पण 'तुझ्यासारख्या लोकांसाठी' हे शब्द कागदावर नव्हते, ते तू तोंडानं बोललास, आणि आजही भांडी घासताना, भाजी निवडताना मध्येच ते माझ्या कानात येतात. सकाळपर्यंत मी तुझी बहीण होते. संध्याकाळी मी 'लोक' झाले.

खालापूरच्या स्टँडवर तू माझी पुरचुंडी मोरीच्या कठड्यावर ठेवलीस आणि चार पावलं मागे सरलास. मी ती उचलली, तेव्हा वळलास. गाडी सुटेपर्यंतही थांबला नाहीस. साहेब यायचे होते.

यापुढचं तुला माहीत नाही, आणि ते तुला कळलंच पाहिजे, कारण तू मला ज्या जगाच्या हवाली केलंस ते जग तुझ्यापेक्षा बरं निघालं.

चौक गाव मागं पडलं आणि एका खड्ड्यात गाडी आपटली. दांडी धरायला मी हात वर केला, पदर घसरला, चट्टा उघडा पडला. शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई ओरडली. मग सगळीच गाडी ओरडायला लागली. "उतरवा हिला!" कोटातल्या एका गृहस्थानं स्वतःच दोरी ओढून घंटी वाजवली. गाडी मधल्याच रस्त्यावर उभी राहिली, दोन्हीकडे भाताची खाचरं, माणूस नाही. मी उठले. सवय झाली होती उठायची. पण कंडक्टर दारात आडवा उभा राहिला. पन्नाशीचा, किडकिडीत, पानानं दात रंगलेले. ड्रायव्हर त्याला पोपटराव म्हणत होता, म्हणून नाव कळलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं तिकीट कुठलं हाय?" मी म्हटलं, कर्जतचं. "मग कर्जत आलं का? नाय ना? बसा खाली." कोटवाला म्हणाला, आम्ही तक्रार करू. पोपटराव म्हणाला, "जरूर करा. माजा बिल्ला नंबर लिवून घ्या. आणि ज्याला भीती वाटत आसंल त्यानं हितं उतरावं, मागून दुसरी गाडी येतेय." कुणी उतरलं नाही. त्यानं डबल घंटी दिली आणि येऊन माझ्याच बाकावर, माझ्याच शेजारी बसला. मांडीवर तिकिटांची पेटी घेऊन, जसं काही झालंच नाही. थोड्या वेळानं विचारतो काय, "यंदा तुमच्याकडं भात कसं हाय?"

दादा, महिनाभरात मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. नीघ, सरक, थांब, लांब, एवढंच ऐकलं होतं. भात कसं आहे म्हणून विचारल्यावर मला रडू फुटलं. तो माणूस खिडकीबाहेर बघत राहिला, मला रडता यावं म्हणून. कर्जतला तो आधी उतरला आणि माझी पुरचुंडी त्यानं माझ्या हातात दिली. हातात. तो मला पुन्हा कधीच दिसला नाही. त्याचं आडनावही मला माहीत नाही.

पण एका माणसानं काही होत नाही असंच तेव्हा मला वाटलं होतं. खरं सांगते, तू लिहून दिलेल्या पत्त्यावर मी जाणारच नव्हते. कर्जतला नदी आहे, आणि श्रावणात उल्हासेला पाणी भरपूर असतं. एक चहा प्यावा आणि तिकडं जावं, असं मी ठरवलं होतं. बाजारातल्या एका हॉटेलाबाहेर उभी राहून चहा घेतला. समोर बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, फळकुटाची एक खोली, दारात चटई, आणि चटईवर जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक मुसलमान बाई. ती एकदम उठली आणि रस्ता ओलांडून माझ्या अंगावर धावून आली. "अगो बाय, हात भाजतोय तुजा! ठेव तो गिलास खाली!" उकळत्या चहाचा ग्लास मी मुठीत धरला होता. बोटांना फोड आले होते आणि मला पत्ता नव्हता.

तिनं ग्लास काढून घेतला आणि माझा हात धरला. बांगडी भरताना धरतात तसा, एकेक बोट दाबत. "ह्यो कळतो? ह्यो? आणि ह्यो?" शेवटची दोन कळत नव्हती. मला वाटलं, आता सोडेल. समजलं की सगळे सोडतात. तिनं चट्टा बघितला, चष्मा वर करून नीट बघितला, आणि तरी सोडला नाही. म्हणाली, "तीस वर्सं बायकांचे हात धरतेय मी. मला चेरा वाचता येत नाय, हात येतो. माज्या दिराला ह्येच झालं व्हतं. हितं दर बुधवारी गोळ्या मिळतात. आता पेणला ऱ्हातो तो, दोन पोरांचा बाप झालाय. आज शुक्रवार. बुधवारपर्यंत माज्याकडं ऱ्हा." मी म्हटलं, मी बौद्ध आहे, आधीची तुम्हाला ठाऊक असेल ती जात आमची. ती चिडलीच. "मी जात इचारली का तुला? बोटं इचारली."

तिचं नाव अख्तरुन्निसा. मी तिला खाला म्हणते. बुधवारपर्यंत राहा म्हणाली, मी चार वर्षं राहिले. तिचे मालक, रज्जाकचाचा, छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच विचारलं, मासे खातेस का. तूच सांग दादा, हे लोक माझे कोण? ना रक्ताचे, ना धर्माचे, ना गावचे. माझं रक्ताचं माणूस त्याच दिवशी साहेबांना आग्रह करून वाढत होतं.

आता तू म्हणशील, मला भीती वाटली. भीती वाटणं हा गुन्हा नाही. खालाच्या घरातही एक माणूस घाबरलं होतं. तिची सून कमरजहाँ. तिला आठ महिन्यांची मुलगी होती. मी घरात आले आणि ती मुलीला घेऊन नेरळला माहेरी निघून गेली. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. कारण पुढच्या बुधवारी ती परत आली, घरी न येता आधी गुरांच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये गेली, जिथं गोळ्या देतात तिथं, आणि चंदरभाऊंना तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. चंदरभाऊ म्हणजे कुष्ठरोगाच्या खात्याचा सरकारी माणूस, सायकलवर पत्र्याची पेटी बांधून यायचे. मी बाकावरच बसले होते, सगळं ऐकत होते. एका ताटात जेवलं तर होतं का? मुलीला हिनं घेतलं तर होतं का? ह्यांच्या घराण्यातच असतं का? चंदरभाऊंनी तिला माझ्या हातावर पीस फिरवून दाखवलं, टाचणी टोचून दाखवली, आणि समजावून सांगितलं की हा एक जंतू आहे, शाप नाही. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना तो काही करत नाही, आणि हिचा प्रकार तर दुसऱ्याला लागतही नाही म्हणा ना. कमरजहाँ उठली, मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "धर जरा, माझे हात अवघडले." कसलं क्षमा मागणं नाही, काही नाही.

ती दुसरी शिकलेली नाही, दादा. तिनं विचारलं. तू ट्रेनिंग केलेला मास्तर, तुझ्या टेबलावर शब्दकोश, तुला खालापूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एक प्रश्न विचारता आला नाही? बारा दिवसांत? माझा सगळा राग इथं येऊन थांबतो. तू घाबरलास म्हणून नाही. तू विचारलं नाहीस म्हणून.

गोळ्या सोप्या नव्हत्या. पहिले महिने तोंडाला चव नसायची, मळमळायचं. एकदा चट्टा लालबुंद होऊन ताप चढला तेव्हा मी म्हटलं, बास झालं. रज्जाकचाचा बुधवारी सकाळी छत्र्यांची पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहिले, म्हणाले, "माजं दवाखान्याकडंच काम हाय, चल संगं." नंतर कळलं, त्यांचं तिकडं काहीच काम नव्हतं. असे ते सव्वीस बुधवार आले. एकाहत्तर साली चंदरभाऊंनी माझा कागद लाल शाईनं पुरा केला. आजार गेला. दोन बोटं वाकडी राहिली, ती तशीच राहणार.

मग मला खालाच्या घरात नुसतं बसवेना. इथं माथेरानात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात बाया लागत होत्या. मी हात पदराखाली धरून उभी राहिले. तिथली मुख्य आचारीण पारूबाई, आवाज असा की घोडे बुजावेत. तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता बाहेर काढणार. ती सगळ्यांसमोर ओरडली, "ए चिमे, तुज्या बोटांना चटका कळत नाय, तू कशाला चुलीजवळ मरतेस? तिकडं भाजी निवड!" बस. एवढंच. कुणी ताटली वेगळी केली नाही, कुणी नळ वेगळा केला नाही. पाच वर्षं झाली, मी भाजी निवडते आणि पारूबाई ओरडते.

हे सगळं मी तुला का सांगते आहे असं वाटत असेल. तुझ्या पडवीतून निघाले तेव्हा माणूस नावाच्या वस्तूवरचा माझा विश्वास उडाला होता. ज्यानं मला अक्षर शिकवलं त्यालाच मी नकोशी झाले, तर बाकीच्यांचं काय? आणि मग हे बाकीचेच उभे राहिले. पोपटराव, खाला, रज्जाकचाचा, कमरजहाँ, पारूबाई. त्यांनी माझ्यावर उपकार केले असं त्यांना वाटतही नाही. पारूबाईला विचारलंस तर ती तुझ्यावरही ओरडेल. त्यांनी मला माणसं परत दिली, पण तुझ्यावरचा राग काही काढून घेतला नाही. तो मी जपला. धाकलूनं जलदानाचं सांगितलं तेव्हा तर असं वाटलं, गावात यावं, भर वस्तीत उभं राहावं आणि म्हणावं, बघा, मी जिवंत आहे, तुमचा गुरुजी खोटारडा आहे. लुगडंही काढून ठेवलं होतं त्यासाठी. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला येणार होते, तू भाषणाला उभा राहशील तेव्हा.

आता येणार नाही. कारण गेल्या रविवारी येसूवहिनी माझ्याकडे आली. चौकच्या बाजूनं पायवाटेनं एकटीच डोंगर चढून आली, चप्पल तुटलेली, पाय सोललेले. धाकलूनं तिला माझा पत्ता दिला होता. मला बघून ती आधी पाया पडली, मी तिला उठवलं. मग ती बोलली. तुझ्या पाठीवर चट्टे उठलेत, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, भुवया झडायला लागल्यात. दिवाळीपासून शाळेला रजा टाकून तू आतल्या खोलीत दार लावून बसला आहेस. कंबरदुखी म्हणून गावात सांगितलं आहेस. वहिनीला जवळ येऊ देत नाहीस, आणि मागच्या आठवड्यात तू तिला म्हणालास की विहीर काय वाईट आहे. दादा, मी वहिनीसमोर हसले. नऊ वर्षं मी मनात म्हणत होते, याला एकदा कळू दे. कळलं. आणि हसता हसताच मी तिला विचारायला लागले, चट्टे किती, कुठं, चटका कळतो का. म्हणून हे पत्र. नीट वाच. माझ्यामुळे तुला झालं हे मनात आणू नकोस, मी काल बुधवारी खाली जाऊन चंदरभाऊंना विचारून आले, माझा प्रकार लागणारा नव्हता. तुझा वेगळा दिसतो, गोळ्या जास्त वर्षं घ्याव्या लागतील, पण आता सुरू केल्या तर हातपाय आणि डोळे वाचतील असं ते म्हणाले. मी तुझं नाव त्यांच्या वहीत घालून आले आहे. खालाच्या घरी तुझी चटई टाकली आहे, कमरजहाँनं मासे चालतात का ते विचारलं आहे. येत्या बुधवारी सकाळी खालापूरहून पहिली गाडी धर, वहिनीला बरोबर आण, तोंडावर उपरणं ओढून येऊ नकोस, उकाड्यात गुदमरशील. मी कर्जतच्या स्टँडवर असेन. मी तुला माफ केलेलं नाही आणि लवकर करणारही नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, समोर बसून, खूप वर्षं, आणि त्यासाठी तू मला धडधाकट हवा आहेस. विहिरीबिहिरीचा विचार केलास तर याद राख. आधी गोळ्या.

तुझीच,
चिमा